उजव्या बाजूचा आवाज

गाडी गॅरेजात आली की मिस्त्री बॉनेट उघडत नसे, चाकालाही हात लावत नसे. फडक्याला हात पुसायचा, मागचं दार उघडायचा आणि मागच्या सीटवर मधोमध, गुडघे छातीशी घेऊन बसायचा. मालकाला म्हणायचा, "चला. काचा वर घ्या, गाणी बंद करा, आणि वाटेत मला पोराबाळांचं काही विचारू नका."

मग एक फेरी व्हायची. गॅरेजपासून रुळापलीकडच्या गोदामांपर्यंत सरळ रस्ता, तिथून माघारी. मिस्त्री मान खाली घालून बसलेला. बघणाऱ्याला वाटावं, याच्या घरात कुणीतरी गेलंय. परत आल्यावर उतरता उतरताच तो निकाल द्यायचा.

"पुढचं डावं. बेअरिंग."

किंवा, "मागचा टायर आतल्या अंगानं खाल्लाय. वरून बघून दिसायचा नाही."

किंवा नुसतंच, "झाकणात खडा आहे." आणि खरंच चाकाच्या झाकणातून हरभऱ्याएवढा खडा निघायचा. त्या खड्यापायी मालकानं घरात भांडणं केलेली असायची.

चाकाचा आवाज ही महालबाड गोष्ट. इंजिन एका जागी बसून ओरडतं, तिथं जाऊन बघता येतं. चाकाचा आवाज पत्र्यातून पळतो. दुखतं पुढं आणि माणूस मागं बघत बसतो. टायर वेडावाकडा झिजला की खरखरतो, आणि रस्ता बदलला की त्याचा सूरही बदलतो. बेअरिंग गेलं की घूं घूं सुरू होते, लांबच्या गिरणीसारखी. रस्ता कसलाही असो, ती तशीच राहते, वेग वाढला की वाढते. नट ढिला असला तर हळू चालवताना खटखट. हे सगळं कुणालाही शिकवता येतं. पण चारातलं कुठलं चाक, हे मिस्त्री नुसतं बसून सांगायचा. त्यासाठी लोक दोन गॅरेजं ओलांडून याच्याकडं यायचे.

तर अशा या माणसाचा डावा कान गेला.

एका दिवसात नाही गेला. ज्या जागी बसून तो उभा जन्म हातोडी मारत आला, तिथं कॉम्प्रेसर डावीकडं होता. घागरीएवढं तोंड करून तो दिवसभर खोकायचा. वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळं एक आवाज दोनदा ऐकायला मिळायचा. हळूहळू त्या बाजूनं जग बोळा घातल्यासारखं झालं. फोन उजव्या हातात गेला. रस्त्यानं चालताना बायको आपोआप उजवीकडून चालायला लागली. जेवायला बसली तरी उजवीकडंच. तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. कित्येक वर्षांच्या संसारात अशा बऱ्याच गोष्टी न बोलता एका कोपऱ्यात सरकवून ठेवलेल्या असतात, त्यातलीच ही एक.

मिस्त्रीनं मनाशी हिशेब असा केला होता, की दोन डोळ्यांतला एक गेला तरी माणूस गाय आणि म्हैस ओळखतोच की. एक कान पुरे. आणि समजा कुणाला कळलं, तर आपल्याकडं उरतं काय? पाने फिरवणारे शंभर मिळतात. मग आपण त्या शंभरांतला एक म्हातारा. या विचारानं त्याला राग यायचा नाही, नुसता थकवा यायचा. सकाळी शटर वर ढकलतानाच तो थकलेला असायचा.

गॅरेजात दुसरा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. टायर काढणं, घालणं, पंक्चर, चाकांचा तोल हे त्याचं खातं. ढेरपोट्या, बडबड्या, कामाला वाघ. त्याला माणसांची नावं लक्षात राहत नसत, पण टायर एकदा बघितला की मरेपर्यंत विसरायचा नाही. दोघांचं दिवसभर खटकायचं.

"दाजी, हा टायरचा आवाज आहे."

"तुला सगळीकडं टायरच दिसतात. तू जेवताना भाकरीतसुद्धा हवा बघतोस."

"आणि तुम्हाला सगळीकडं बेअरिंग. ताईला विचारा, तिचा गुडघा वाजतो तेव्हाही तुम्ही ग्रीस लाव म्हणाला होता."

"मग? वाजायचा राहिला की नाही?"

शेवट मिस्त्री म्हणेल तेच व्हायचं. मेहुणा कुरकुरत चाक खोलायचा.

त्यांच्याकडं एक नर्सबाई यायची. दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाणारी. कुणाची पट्टी बदल, कुणाला सुई टोच, कुणाला नुसतं उठवून बसव, अशी दिवसभर फिरायची. गाडी जुनी, मागच्या सीटवर कापसाची खोकी आणि डिक्कीत घडीची खुर्ची. तिचा चेहरा कायम असा, की आता कुठं टेकता आलं तर बरं.

तिच्या गाडीला घूं घूं लागली. मिस्त्री खोकी सरकवून मधे बसला, फेरी झाली, आणि त्यानं सांगितलं, "पुढचं उजवं. बेअरिंग."

मेहुण्यानं खोललं. जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर थोडं खरखरलं. इतकी वर्षं चाललेलं बेअरिंग थोडं खरखरतंच, जशी या वयातली माणसं बसताना 'आई गं' म्हणतात. पण खरखर लागली म्हणजे निदान खरं ठरलं. नवं बसवलं, गाडी गेली.

आठवड्याच्या आत बाई परत दारात.

"मिस्त्री, आवाज आहे तसाच आहे."

"नवीन टाकलंय, बाई."

"टाकलंय ना. ते छान आहे. पण आवाजही आहे."

पुन्हा फेरी. मिस्त्रीनं जीव कानात आणून ऐकलं. घूं घूं होतीच. आणि होती उजवीकडूनच. नवं बेअरिंग इतक्यात जाणार नाही, मग उजवीकडं राहिलं काय? टायर. असा त्यानं सरळ हिशेब केला. शिवाय त्या दिवशी त्याची कंबर धरली होती, सकाळपासून उभ्या असलेल्या दोन गाड्या तशाच पडल्या होत्या, आणि बाईही सारखी घड्याळ बघत होती.

"टायरचा आवाज आहे," तो म्हणाला. "झिजलेत एका अंगानं. वाजतील थोडे दिवस. राहू द्या तसंच."

मेहुण्यानं वाकून टायरवरनं पंजा फिरवला. "दाजी, हे टायर गुळगुळीत झिजलेत. असे वाजत नसतात."

"आता तू मला टायर शिकव."

"टायर मी नाही शिकवायचे तर काय तुम्ही शिकवायचे?"

"चालवू ना मी?" बाईनं दोघांच्या मधे विचारलं. "आता टाकीजवळच्या आजोबांची पट्टी आहे, आणि तिथून मला डोंगरावरच्या वस्तीत जायचंय. येताना सगळा उतार आहे म्हणून विचारते."

"चालवा," मिस्त्री म्हणाला. बाई गेली.

गॅरेजच्या मागंच दोन खोल्या, त्यात मिस्त्रीचा संसार. दुपारी तिघं जेवायला बसली. स्वयंपाकघरात मेज भिंतीला लावलेलं, तीन खुर्च्यांचीच जागा. रोज बायको मिस्त्रीच्या उजव्या हाताला बसायची. त्या दिवशी मेहुणा हात धुऊन आधी आला आणि तिच्या खुर्चीत बसकण मारून मोकळा झाला. बायको घुटमळली. "तिकडं सरक" म्हणावं तर का ते सांगावं लागणार. ती डावीकडं बसली.

"मीठ द्या इकडं," ती म्हणाली.

मिस्त्री जेवत होता.

"अहो, मीठ."

मिस्त्रीनं उजवीकडं, मेहुण्याकडं मान वळवली. "घे की. हाताशी तर आहे तुझ्या."

मेहुणा घास तोंडात तसाच धरून म्हणाला, "मी कुठं मागितलं?"

"आत्ता नाही का म्हणालास?"

"दाजी, ताई म्हणाली! माझा आवाज बायकी झाला का काय?" आणि तो पोट हलवत हसायला लागला. "ताई, बघ गं, नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू येईना."

बायको हसली नाही. ती ताटाकडं बघत होती.

मिस्त्रीनं आवाज ओळखला होता. बायकोचा होता, हेही त्याला आत कुठंतरी कळलं होतं. पण आला होता उजवीकडून. डावीकडं बसलेल्या बायकोचा आवाज उजवीकडून आला होता, आणि तो खोटा आहे असं त्याच्या मनाला एकदासुद्धा वाटलं नव्हतं.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग बायकोला म्हणाला, "परत म्हण."

"काय?"

"काहीही. मीठ म्हण."

"मीठ," ती म्हणाली. अगदी हळू. आवाज उजवीकडून आला.

एक कान गेला की ऐकू कमी येतं, एवढंच तो धरून चालला होता. एक कान गेला की सगळं जग राहिलेल्या कानाच्या बाजूला जाऊन उभं राहतं, हे त्याला आज कळलं. घूं घूं उजवीकडं नव्हती. उजवीकडं फक्त त्याचा कान होता.

तो ताटावरून उठला. "पिकअप काढ," मेहुण्याला म्हणाला.

"जेवतोय मी."

"बाईचं डावं चाक आहे. काढ म्हणतो ना."

मेहुणा उठला. दाजी शिव्या न घालता बोलला म्हणजे काहीतरी मोठं आहे, एवढी अक्कल त्याला होती. वाटेत त्यानं दोनदा विचारलं, "तुम्हाला आता कसं कळलं?" मिस्त्री बोटांवर काहीतरी मोजत होता. बाईला फोन लावला तर वाजून वाजून बंद. पट्टी बदलताना ती फोन पिशवीतच ठेवायची.

टाकीजवळच्या इमारतीखाली गाडी उभी दिसली तेव्हा मिस्त्रीनं पहिल्यांदा श्वास सोडला. पिकअप धड थांबली नव्हती तर तो उतरला. आधी उजव्या चाकाच्या मधोमध तळवा ठेवला. कोमट. वळसा घालून डावीकडं आला, तळवा ठेवला आणि झटकन मागं घेतला. तवा होता तवा. चाकाला वरून दोन्ही हातांनी धरून त्यानं आत-बाहेर ढकललं. म्हाताऱ्याचा शेवटचा दात हलावा तसं चाक हललं.

मेहुण्यानंही हलवून बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "हे उतारावर निघालं असतं की हो."

मिस्त्री पायरीवर बसला.

थोड्या वेळानं बाई जिना उतरून आली, हातात पिशवी, बाह्या वर सरकवलेल्या. दोघांना बघून थबकली. "काय झालं?"

"डावं बेअरिंग आहे," मिस्त्री म्हणाला. "मी चुकलो. गाडी इथून हलवायची नाही. हा तुम्हाला पिकअपनं वस्तीत सोडेल, माघारीही आणेल. तोवर मी इथंच खोलून ठेवतो."

"तुम्ही तर म्हणाला टायर."

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

एवढं बोलायला त्याला किती दिवस लागले, आणि वाक्य केवढंसं! रस्त्यावरनं एक सायकलवाला गेला, वरच्या खिडकीत कुणी गादी झटकत होतं. कुणाचं काही थांबलं नाही.

बाई ओरडेल असं मेहुण्याला वाटलं. तिनं ओरडायला तोंड उघडलंही होतं बहुतेक, पण सकाळपासूनच्या दमणुकीत ओरडण्याएवढा जोर उरला नसावा. पिशवीत हात घालून तिनं छोटी बॅटरी काढली. "मान वळवा."

"अहो बाई, तुम्हाला उशीर..."

"वळवा म्हणते ना. कधी कधी नुसता मळ असतो."

मिस्त्रीनं मान वळवली. आयुष्यात एवढी आशा त्यानं मळावर कधी लावली नव्हती. मेहुणाही वाकून बघायला लागला, जणू कानात त्याला टायर दिसणार होता.

बाईनं बॅटरी विझवली. "कान स्वच्छ आहे. मळ असता तर बरं झालं असतं." मग बॅटरी पिशवीत टाकत, "तपासून घ्या रीतसर. पण परत येईल असं मी म्हणणार नाही. आणि मिस्त्री, मला 'राहू द्या' नव्हतं म्हणायचं."

"नव्हतं म्हणायचं," मिस्त्री म्हणाला.

मेहुणा मात्र पिकअपच्या दाराला हात लावून उभा होता, त्याच्या कपाळाला आठी. डोक्यात काहीतरी फिरत होतं, आणि जसं फिरलं तसं त्याचं तोंड उघडत गेलं.

"थांबा. दाजी, थांबा. कान कधीपासून असा आहे?"

मिस्त्री पिकअपच्या मागून जॅक आणि पाने उतरवू लागला.

"गेल्या उन्हाळ्यापासून आपण पुढचं डावं चाक बेअरिंगसाठी खोललेलंच नाही. एकदाही नाही. सगळी उजवीच! मी म्हणायचो, यंदा उजव्यांची साथ आलीय का काय!"

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "पिकअपमध्ये तेच मोजत होतो."

बेकरीवाल्याची गाडी. रिटायर हेडमास्तरांची. खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याचा टेम्पो. आणखी कुणाकुणाच्या. त्यातल्या काहींचं उजवंच गेलं असेल, ते नशीबवान. बाकीचे डावं हलतं चाक घेऊन आपापल्या पोराबाळांना बसवून फिरत होते. मिस्त्रीच्या शब्दावर.

मेहुणा बाईला घेऊन गेला. मिस्त्रीनं एकट्यानं चाक उतरवलं, बेअरिंग ओढून काढलं. हातावर फिरवलं तर आतले छर्रे वाळूत घोळल्यासारखे करकरले. खरं खराब बेअरिंग कसं असतं ते बोटांना कळलं, आणि मागच्या सगळ्या उजव्या बेअरिंगांची आठवण येऊन तो तिथंच रस्त्याच्या कडेला चाकावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी गाड्या परत बोलावायचं काम सुरू झालं. मेहुणा टायर आठवून आठवून मालक सांगायचा, "तो नाही का, ज्याच्या मागच्या टायरला करंगळीएवढा फुगा होता, तो," आणि बायको फोन लावायची. मिस्त्रीला फोनवर बोलू देत नव्हते, कारण तो लाजेपायी ओरडून बोलायचा.

बेकरीवाला म्हणाला, तुमच्या नावानं शिव्या घालून मी ते चाक कधीच दुसरीकडं बदललं. हेडमास्तर म्हणाले, आवाज आहे, पण आता सवय झाली, एकट्या माणसाला गाडीत सोबत वाटते. तरी आले. टेम्पोवाला आला तो भांडायच्या तयारीनंच.

"एकाच आवाजासाठी दोनदा गाडी खोलता? तुमचा कान एवढा नावाजलेला ना?"

"एकच उरलाय त्यातला," मिस्त्री म्हणाला. "डावा गेला. तुमचं डावं चाक मी चुकवलं असेल. जॅकवर घेतो, पाच मिनिटं बसा."

टेम्पोवाल्यानं वर सारलेल्या बाह्या खाली घेतल्या. तो बसला. मिस्त्रीनं चाक उचलून गरकन फिरवलं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. खराब असलं की स्प्रिंगमधून हाताला मुंग्या येतात. याला आल्या.

पहिल्यांदा 'डावा गेला' म्हणताना जीभ जड झाली होती. चौथ्या-पाचव्या गिऱ्हाइकाला तो ते पान्याचा नंबर सांगावा तसं सांगायला लागला. एक गाडी मात्र सापडली नाही. मालकानं ती विकली होती, आणि घेणाऱ्यानं पुढं विकली होती. मेहुण्यानं बरीच विचारपूस केली. पत्ता लागला नाही. ती अजून कुठंतरी फिरत असेल. त्या दिवसांत रस्त्यावरनं तसली गाडी गेली की मिस्त्रीचे हात थांबायचे, आणि तो तिच्या डाव्या चाकाकडं बघत राहायचा.

फेरीची पद्धतही बदलली. आता गाडी मेहुणा चालवतो. रिकाम्या रस्त्यावर थोडी उजवीकडं, थोडी डावीकडं झुलवतो. उजवीकडं वळलं की भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा घूं घूं वाढली तर डावं, उलटं झालं तर उजवं. ही गोष्ट मिस्त्रीनंच त्याला शिकवली. यात दिशा ऐकावी लागत नाही, नुसतं कमीजास्त ऐकावं लागतं, आणि तेवढं मेहुण्याला येतं. मग जॅक, मग स्प्रिंगवर हात, मगच खोलायचं. वेळ दुप्पट लागतो. काही गिऱ्हाइकं तुटली. फेरीत काही गंमत राहिली नाही, असं म्हणून एक जण गेला तो गेलाच.

हेडमास्तर मात्र हट्टी. मागचं एक चाक वाजायला लागलं म्हणून आले आणि म्हणाले, "मिस्त्री मागं बसल्याशिवाय मी गाडी देणार नाही. ऐकू येवो न येवो. मला बरं वाटतं."

"बसा हो दाजी," मेहुणा म्हणाला. "वजन तरी पडेल मागं."

हेडमास्तर पुढं, मेहुणा स्टिअरिंगवर आणि मिस्त्री मागं मधोमध. काचा वर, गाणी बंद. गाडी रूळ ओलांडून गोदामांच्या रस्त्याला लागली. उजवीकडं झुलली, डावीकडं झुलली. मागच्या चाकातून लांबच्या गिरणीसारखा आवाज येत होता, आणि तो कुठून येतो हे सांगायचं काम मिस्त्रीचं नव्हतं.

चालत्या गाडीत त्या माणसाला जन्मात झोप लागली नव्हती. बसमध्ये, परक्याच्या गाडीत, अगदी पूर्वी मांडीवर आपलं ताप चढलेलं पोर घेऊन दवाखान्यात जातानाही तो चाकं ऐकत बसलेला असायचा.

हेडमास्तरांनी मागं वळून बघितलं. मिस्त्रीची मान सीटवर कलंडली होती, तोंड उघडं. मेहुण्यानं गाडी पुन्हा उजवीकडं झुलवली, कान टवकारले, आणि वैतागून आरशात बघितलं.

"दाजी, घोरणं आवरा. चाक ऐकू येईना!"

हेडमास्तरांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "असू दे. आणखी एक फेरी मार."